राजीव सातव यांचें चरित्र : घराणें आणि पुरावा

मृत पुरुषाविषयीं लिहितांना आपल्याकडे दोनच पद्धती रूढ आहेत. एक करिन्याची, दुसरी स्तुतिपाठाची. करिना लिहिणारा वतन कोणाकडून कोणाकडे आलें एवढेंच सांगतो. स्तुतिपाठक नायकास सर्व गुण जन्मतःच बहाल करतो. राजीव शंकरराव सातव (२१ सप्टेंबर १९७४ – १६ मे २०२१) यांजविषयीं त्यांच्या निधनानंतर जें लेखन झालें, त्यांतील बराच भाग या दोहोंपैकीं एका सांच्यांत बसतो. मीमांसक ज्यास अर्थवाद म्हणतात तो त्यांत विपुल, प्रमाण थोडें. आखाडा बाळापूर हें त्यांच्याच कळमनुरी तालुक्यांतील गांव असल्यामुळें येथील माणसास हें अधिक खुपतें.

घराण्याची गोष्ट खोटी नाहीं. मातोश्री रजनीताई सातव कळमनुरीच्या आमदार होत्या आणि राज्याच्या मंत्रिमंडळांतही त्यांनीं काम केलें. तथापि ही जागा वतनच होती असें म्हणणारांनीं एवढें पाहावें कीं, २००४ सालीं ती शिवसेनेच्या गजानन घुगे यांजकडे गेली होती. राजीवरावांनीं ती २००९ सालीं मिळविली, तीही पंचायत समिती व जिल्हा परिषद या पायऱ्या चढून. उलटपक्षीं, या पायऱ्यांवरूनच ते सामान्य कार्यकर्ते होते असें सिद्ध करूं पाहणारे लेखकही हेत्वाभासांत सांपडतात. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवतांना नांव ओळखीचें असणें हेंच अर्धें भांडवल होय.

खरी कसोटी २०१४ च्या लोकसभेची. त्या वर्षीं महाराष्ट्रांतील ४८ जागांपैकीं काँग्रेसच्या पदरीं दोनच पडल्या, नांदेड व हिंगोली. दोन्ही मतदारसंघ शेजारचे. नांदेडचे अशोकराव चव्हाण हे शंकरराव चव्हाणांचे पुत्र. केवळ अन्वय पाहणाऱ्यास येथें वाद संपला असें वाटेल. परंतु व्यतिरेक पाहिल्यावांचून व्याप्ति ठरत नाहीं. त्याच निवडणुकींत मुरली देवरा यांचे पुत्र मिलिंद आणि नारायण राणे यांचे पुत्र नीलेश हे दोघेही पडले. सातवांस ४,६७,३९७ मतें, विद्यमान खासदार सुभाष वानखेडे यांस ४,६५,७६५. अंतर अवघें १,६३२. एवढ्या बारीक फरकाचें श्रेय कुळाला द्यावें कीं माणसाला, हें गांववार मतमोजणीचे तक्ते ताडून पाहिल्याखेरीज कोणीं सांगूं नये. सांगितलें मात्र पुष्कळांनीं आहे.

युवक काँग्रेसचें अखिल भारतीय अध्यक्षपद, गुजरातचें प्रभारीपण, २०२० सालीं राज्यसभेवरील बिनविरोध निवड, हे टप्पे सर्वत्र नमूद आहेत. कृषिविधेयकांच्या गदारोळानंतर आठ सभासद निलंबित झाले, त्यांत ते होते. तो दिवस २१ सप्टेंबर २०२०, त्यांचा सेहेचाळिसावा वाढदिवस. स्तुतिपाठक त्यास भूषण म्हणतात, विरोधक डाग. सभेच्या कामकाजाचा छापील वृत्तांत असतां तो उघडून पाहण्याचे श्रम थोड्यांनीच घेतले.

आपणां संग्राहकांचाही येथें दोष आहे. मोडी रुमालाची वार्ता लागली कीं आपण दहा कोस चालतों; पण आमदाराच्या शेऱ्याचा चाळीस वर्षांपूर्वींचा अर्ज डोळ्यांदेखत रद्दींत जातो. मातोश्रींच्या व पुत्राच्या सहीचे असे कागद कळमनुरी तालुक्यांत ज्यांच्यापाशीं असतील, त्यांनीं मूळ न देतां निदान नक्कल उतरून घेऊं द्यावी.