गाणे ऐकले की गर्दी पाहिली?

मैफलीच्या आठवणी लिहिणे हा मराठी माणसाचा जुना छंद आहे. दिवाळी अंक उघडावा आणि त्यात एखाद्या रसिकाने चाळीस वर्षांपूर्वीचा यमन पुन्हा आळवलेला नसावा, असे सहसा घडत नाही. या लेखनाचा आता एक साचाच होऊन बसला आहे. थंडीची रात्र, जुळलेले तानपुरे, बुवांनी लावलेला षड्ज, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि शेवटी 'असे गाणे आता होणे नाही' हा भरतवाक्यासारखा सुस्कारा! वाचताना बरे वाटते. पण अंक मिटून मनाला विचारावे, की त्या यमनात घडले तरी काय? गंधाराशी बुवा कसे आले, कोठे थांबले? बहुधा उत्तर मिळत नाही. जो त्या रात्री तेथे नव्हता, त्याच्या पदरात फक्त लेखकाचे भाग्य पडते. गाणे पडत नाही.

या रसिकाच्या शेजारी मला आज एक निराळाच श्रोता बसवायचा आहे. हा रॉक संगीताचा. सणासुदीला हे नाव काढल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी रागावू नये. त्यांच्या घरातली नातवंडे काय ऐकतात, ते त्यांना ठाऊक आहेच. मुंबईत धोबी तलावाजवळ रंगभवन नावाचे उघड्या आभाळाखालचे प्रेक्षागृह. १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या मेळाव्याचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. 'रॉक मशीन', म्हणजे पुढे 'इंडस क्रीड' झालेले पथक, हे त्या काळातले मोठे नाव. तेथे जाऊन आलेला माणूस सांगतो काय? काळे सदरे, रेटारेटी, बसलेला घसा आणि शेवटची लोकल. गाण्याविषयी दोन वाक्ये, बाकी सारी गर्दी.

माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा आता पुण्यास नोकरी करतो. जानेवारी २०२५ मध्ये नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले' या इंग्रजी पथकाचे कार्यक्रम झाले, त्यांतला एक ऐकून तो परतवाड्यास आला. शिक्षकांच्या खोलीत त्याला विचारले, "काय आयकलं रे तुनं?" तो म्हणाला, "लय गर्दी होती सर. सारे जनं गाऊन रायले होते. हातातले पट्टे आपोआप पेटून रायले होते." खोलीत हशा पिकला. एवढे पैसे खर्चून पोराने पट्टे पाहिले! मला मात्र ते उत्तर विचार करण्याजोगे वाटले.

ख्याल ऐकणारा माहीत नसलेले ऐकायला जातो. बंदिश ओळखीची असेल, पण तिचा विस्तार आज कसा होईल हे खुद्द गवयालाही पुरते ठाऊक नसते. म्हणून आठवण गवयाभोवती फिरते. रॉकचा श्रोता पाठ असलेले ऐकायला जातो. तबकडीवरचे प्रत्येक गाणे त्याने शंभरदा घोकलेले असते. मंचावर तेच होणार असते; नवे असते ते इतकेच, की आपल्यासारखे पन्नास हजार लोक तेच घोकून आले आहेत. मग त्याने गर्दी सांगू नये तर काय सांगावे?

आणि आपण तरी या रीतीला परके आहोत काय? मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी आठवा. मी ती ऐकलेली नाही, ते १९६८ सालीच गेले. पण ज्यांनी ऐकली त्या म्हाताऱ्यांना विचारले, तर तेही भजनाचा राग सांगत नाहीत. मैदान किती भरले होते, खंजिरीवर थाप पडताच माणसे कशी डोलू लागली, हेच सांगतात. त्यांना कोणी हसत नाही. रॉकच्या पोराचे नाते मैफलीशी नाही, भजनाशी आहे. त्याला मैफलीचा गज लावणे हाच आमचा अन्याय.

गज चुकला म्हणजे काय होते, ते पंडित रविशंकरांनी उलट बाजूने भोगले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी मोठी सभा झाली. त्यांनी व अली अकबर खाँसाहेबांनी वाद्ये जुळवली, आणि ते जुळवणे संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला! जुळवणेच इतके आवडले, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे काहीसे पंडितजी हसून बोलले. त्याआधी १९६९ च्या वुडस्टॉकला चिखलात बसलेला जमाव पाहून त्यांना आपल्याकडच्या डबक्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या होत्या. उपमा आमच्या वऱ्हाडात तरी कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. ते श्रोते अडाणी नव्हते. ते जमायला आले होते, ऐकायला नव्हे.

परंतु एवढ्याने मी त्या मुलाला सोडणार नाही. पाठ असलेल्या गाण्यातही नवे घडू शकते. वसंतराव देशपांडे आमच्या शेजारच्या मूर्तिजापूरचे. आता थांबलेली शकुंतला गाडी अचलपुराहून तेथेच जात असे. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'त त्यांनी खाँसाहेब उभे केले. पदे लोकांना पाठ, 'वन्स मोअर'चा गजर ठरलेला. पण पद तेच असूनही वसंतरावांची वाट रोज निराळी. त्यामुळे त्या प्रयोगांच्या आठवणी एकमेकींसारख्या नाहीत. रॉकच्या आठवणी मात्र ठिकाण आणि साल पुसले, तर एकमेकींत मिसळून जातात. गाणारा त्या दिवशी थकला होता का, ढोलवाला कोठे अंमळ पुढे धावला, कोणते गाणे जमलेच नाही, यावर कोणी बोलत नाही. भक्ताला देवाचा बेसूर ऐकू येत नाही, हे मैफलीच्या रसिकालाही लागू आहे म्हणा!

गंमत अशी, की या दोन्ही श्रोत्यांवर एकच संकट आले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद झाले. भीमसेनांनी १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या जागत्या रात्री त्यात गेल्या, आणि शांतता क्षेत्रात सापडलेल्या रंगभवनातले रॉकही गेले. एकाच्या शोकावर लेखामागून लेख आले. दुसऱ्याचा शोक मराठीत जवळजवळ कोणी लिहिलाच नाही.

२६ जानेवारी २०२५ रोजी त्याच 'कोल्डप्ले'चा अहमदाबादचा कार्यक्रम घरोघर मोबाइलवर दिसला. परतवाड्यातही दिसला. सूर स्वच्छ, वादकांची बोटेसुद्धा दिसत होती, आणि अंगाला कोणाचा धक्का नाही. म्हणजे गर्दी वजा करून गाणे ऐकण्याची सोय झाली. त्या मुलाला मी सांगितले आहे, की दोन्ही ऐकून काय फरक वाटला ते लिहून आण. पहिली दोन पाने गर्दीची असली तरी चालतील. तिसऱ्या पानावर ढोल कसा वाजला ते आले पाहिजे.