‘गोलाध्याया’तील शतांश

मराठीत ‘गोल’ हा शब्द मोठा सैल आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर गोल, भाकरी गोल आणि चेंडूही गोल! संस्थितिशास्त्र मात्र मापे सोडून केवळ अखंडपणा पाहते. त्याच्या लेखी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर भाकरीच्या जातीचे. न फाडता सपाट करता येणारे. चेंडूच्या पंगतीला बसतो तो वेडावाकडा बटाटा. मेदुवडा या दोहोंहून निराळा.

मग चेंडूची जात ओळखावी कशावरून? हा प्रश्न मनात ठेवून भास्कराचार्यांचा ११५० मधला ‘गोलाध्याय’ वाचावा. पृथ्वी गोल, तर सपाट का दिसते? आचार्य सांगतात, परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि पृथ्वीपुढे माणूस तर अगदीच लहान. उत्तर चोख आहे. पण ते आक्षेपाचे निरसन आहे, गोलत्वाची सिद्धी नव्हे. वड्यावरच्या मुंगीलाही आपले अंगण सपाटच दिसेल.

त्यांचा दुसरा विचार अधिक मोलाचा. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर. ते अंतर सोळापट केले की पृथ्वीचा परीघ मिळतो. लोणारहून उज्जयिनीस जाताना ध्रुव सुमारे तीन अंश वर चढतो. समान अंतराला समान चढ, ही वक्रतेचीच मोजणी! उणीव एवढीच, की ती एका दिशेची आहे. वड्याच्या भोकातून जाऊन बाहेरून परतणाऱ्या मुंगीलाही असाच एकसारखा वळसा पडतो.

बंदिस्त पृष्ठभागाची वक्रता सर्वत्र धन असेल आणि त्यावरचा प्रत्येक फास आवळून बिंदूएवढा होत असेल, तर तो चेंडूच्याच जातीचा. वडा भोकाकडे खोगिरासारखा वळतो, म्हणून बाद. अधिक मितींत एवढे पुरत नाही. १९५१ साली राउख यांनी वाट दाखवली आणि १९६० च्या सुमारास बेर्जे व क्लिंगेनबर्ग यांनी अट नेमकी केली: फास आवळता यावेत, आणि वक्रता सर्वत्र, सर्व दिशांनी, १/४ हून अधिक असावी, पण १ च्या वर जाऊ नये. नेमक्या १/४ ला मुभा दिली, की गोल नसलेली अवकाशेही आत शिरतात.

ही अट भास्कराचार्यांकडे मागणे अन्यायाचे होईल. परंतु ‘हे सारे आपल्याकडे होतेच’ असे म्हणणारेही त्यांच्यावर अन्यायच करतात. आचार्यांनी शतांशाला शतांशच म्हटले, त्याला पूर्णाची साक्ष मानले नाही. अंशावरून पूर्ण कळण्यासाठी अंशाकडून काय काय मागावे, हे ठरवण्यास पुढची आठ शतके लागली. त्यांचा खरा गौरव त्या संयमात आहे.