कुवेतचा राजकीय दर्जा (१८९६ – १९१४) : साम्राज्यवादी स्पर्धेच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

१. प्रस्तावना

इराणच्या आखाताच्या वायव्य टोकावर वसलेले कुवेत हे लहानसे अरब शेखराज्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकाएकी महासत्तांच्या राजकारणात ओढले गेले. ऑटोमन सुलतानाच्या दृष्टीने तो बसरा प्रांताचा भाग होता. हिंदुस्थान सरकारच्या दृष्टीने तो आखाती संरक्षणव्यवस्थेतील एक दुवा होता. जर्मनीला तेथे बगदाद रेल्वेचे अंतिम स्थानक होण्याची शक्यता दिसत होती. कुवेत ऑटोमन होते, ब्रिटिश रक्षित होते की स्वतंत्र, हा प्रश्न तेव्हा वादग्रस्त होता आणि इतिहासलेखनात तो आजही तसाच आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाला लॉरिमर, बुश व अ‍ॅन्सकोम्ब यांच्या ग्रंथांनी दिलेल्या उत्तरांची चिकित्सा केली आहे. कोणत्या दप्तराचा आधार घेतला यावर या ग्रंथांतील कुवेतचे स्वरूप ठरते, हे दाखविणे हा या चिकित्सेचा हेतू आहे.

२. घटनाक्रमाची रूपरेषा

इ.स. १८७१ मध्ये बगदादचा वाली मिधत पाशा याने अल-हसा प्रांतावर मोहीम काढली. कुवेतच्या शेखाने तीत साहाय्य केले आणि कुवेतचा ऑटोमन प्रशासनाशी औपचारिक संबंध जोडला गेला. मे १८९६ मध्ये मुबारक अल-सबाह याने आपले बंधू मुहम्मद व जर्राह यांची हत्या करून सत्ता हस्तगत केली. मृत बंधूंच्या वारसांनी बसऱ्यात दाद मागितली. अशा स्थितीत मुबारकने १८९७ मध्ये ब्रिटिश संरक्षणाची मागणी केली, ती नाकारण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑटोमन सरकारने त्याला ‘कायमकाम’ म्हणून मान्यता दिली.

२३ जानेवारी १८९९ रोजी बुशहरचे पोलिटिकल रेसिडेंट मीड यांनी मुबारकशी गुप्त करार केला. ब्रिटिश सरकारच्या पूर्वसंमतीवाचून अन्य सत्तेचा प्रतिनिधी कुवेतमध्ये स्वीकारणार नाही, तसेच कोणताही भूभाग परकीय सरकारला वा प्रजाजनाला विकणार, भाड्याने देणार वा गहाण ठेवणार नाही, असे शेखाने स्वतःच्या व वारसांच्या वतीने मान्य केले. मोबदल्यात त्याला १५,००० रुपये मिळाले, शिवाय ब्रिटिश सरकारच्या सदिच्छेचे आश्वासन एका स्वतंत्र पत्राने देण्यात आले. ‘संरक्षित राज्य’ हा शब्द मात्र करारात कोठेही नव्हता. अशा रीतीने एकच शासक एकाच वेळी सुलतानाचा अधिकारी आणि ब्रिटनचा गुप्त करारबद्ध मित्र ठरला.

३. लॉरिमर : सत्तेसाठी लिहिलेला इतिहास

जे. जी. लॉरिमर यांचे आखाताचे गॅझेटिअर हा या विषयाचा आद्य आधारग्रंथ होय. त्याचा भौगोलिक खंड १९०८ मध्ये, तर ऐतिहासिक खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान सरकारने हा ग्रंथ आपल्या अधिकाऱ्यांसाठी सिद्ध करविला होता आणि तो दीर्घकाळ गोपनीय होता. त्यातील माहितीचे वैपुल्य निर्विवाद आहे. परंतु त्याचा वाचक प्रशासक होता, हे विसरून चालणार नाही. प्रशासकाला हवे होते ते ब्रिटनच्या हक्कांचे टिपण. त्यामुळे प्रत्येक घटना ‘आपल्याला येथे कोणता अधिकार पोहोचतो’ या प्रश्नाभोवती मांडली जाते. कुवेतमधील व्यापारी, मोती काढणारे पाणबुडे, वाळवंटातील टोळ्या यांची नोंद आहे. तथापि राजकीय दर्जा ठरविणारे घटक म्हणून त्यांना स्थान नाही. नंतरच्या संशोधकांनी या ग्रंथातील माहितीबरोबर त्याची प्रश्न मांडण्याची रीतही नकळत स्वीकारली.

४. बुश : राजनीतीचा सूक्ष्म पट

ब्रिटन कूपर बुश यांचा ‘ब्रिटन अँड द पर्शियन गल्फ, १८९४–१९१४’ हा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश धोरण एकजिनसी नव्हते हे त्यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले, ही त्यांची मोठी कामगिरी होय. कलकत्त्यात व्हाइसरॉय कर्झन आखातात ठाम भूमिकेचा आग्रह धरीत होते. लंडनला मात्र ऑटोमन साम्राज्याची अखंडता आणि युरोपातील सत्तासंतुलन सांभाळायचे होते. रशियन भांडवलाच्या रेल्वेयोजनेची वार्ता व पुढे जर्मन रेल्वेसमितीची १९०० मधील कुवेतभेट यांमुळे ब्रिटिश चिंता वाढत गेली.

ऑगस्ट १९०१ मध्ये ‘झुहाफ’ हे ऑटोमन जहाज कुवेतसमोर आले असता ब्रिटिश युद्धनौका ‘पर्सियस’ने सैन्य उतरविण्यास विरोध केला. त्यानंतर उभय सत्तांनी ‘जैसे थे’ स्थिती मान्य केली. ही स्थिती नेमकी कोणती, याविषयी मात्र एकमत नव्हते. बुश यांच्या विवेचनाची मर्यादा येथेच जाणवते. ही संदिग्धता त्यांच्या मांडणीत प्रामुख्याने मुत्सद्द्यांची तडजोड ठरते. वस्तुतः ती तिन्ही पक्षांच्या गरजेतून टिकून राहिली होती.

५. अ‍ॅन्सकोम्ब : दुसरे दप्तर

फ्रेडरिक अ‍ॅन्सकोम्ब यांच्या ‘द ऑटोमन गल्फ’ या १९९७ मधील ग्रंथाने इस्तंबूलच्या दप्तराचा आधार घेऊन हे चित्र बदलले. ब्रिटिश साधनांत ऑटोमन सत्ता आक्रमक भासते. अ‍ॅन्सकोम्ब यांच्या ग्रंथात तीच सत्ता अपुरा पैसा, चुकीची माहिती, भ्रष्ट प्रशासन आणि ब्रिटिश कारस्थानाची सततची धास्ती यांनी ग्रासलेली दिसते. कुवेत ब्रिटनने हिरावून घेतले, या सोप्या विधानाला त्यामुळे छेद जातो.

तथापि एका केंद्राच्या जागी दुसरे केंद्र आणल्याने परिघ आपोआप दिसू लागत नाही. अल-सबाह घराण्याच्या खजुरीच्या बागा शत-अल-अरबच्या काठी, फाओ परिसरात, म्हणजे निःसंशय ऑटोमन भूमीत होत्या. त्यांवरील मालकीचे वाद ऑटोमन न्यायालयांत चालत. सुलतानाशी संबंध पूर्णपणे तोडणे मुबारकला परवडणारे नव्हते ते याच कारणाने. समुद्रावरील व्यापारासाठी मात्र त्याला ब्रिटिश नौदल प्रतिकूल होऊन चालणारे नव्हते. राजधान्यांच्या पत्रव्यवहारात जो दुटप्पीपणा दिसतो तो कुवेतच्या बाजूने पाहिल्यास उपजीविकेच्या दोन आधारांचा सांभाळ ठरतो. अर्थात यावरून मुबारकला आधुनिक राष्ट्रवादी ठरविणे हेही तितकेच अनैतिहासिक होय.

६. शब्दांचे राजकारण

२९ जुलै १९१३ च्या अँग्लो-ऑटोमन करारात कुवेतला ऑटोमन साम्राज्यातील ‘स्वायत्त कझा’ म्हटले गेले. कझा म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग. त्याच करारात १८९९ च्या ब्रिटिश करारालाही ऑटोमन मान्यता मिळाली. एका हाताने सार्वभौमत्व मान्य करून दुसऱ्या हाताने ते पोकळ करण्याचा हा प्रकार होता आणि ज्याच्या भूमीविषयी हे ठरले तो शेख त्या कराराचा पक्षकार नव्हता. महायुद्धामुळे करार अनुसमर्थनाविना राहिला. ३ नोव्हेंबर १९१४ च्या पत्राने ब्रिटनने कुवेतला ब्रिटिश संरक्षणाखालील स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली आणि शेखाच्या खजुरीच्या बागांचीही हमी दिली. बागांचा हा उल्लेख वरील विवेचनाला पुष्टी देतो.

मराठी वाचकाला येथे १८०२ च्या वसईच्या तहाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परराष्ट्रसंबंधांवर नियंत्रण हे दोहोंतील साम्य होय. परंतु पेशव्याला तैनाती फौज स्वीकारून मुलूख तोडून द्यावा लागला. १८९९ च्या करारात यांपैकी काहीही नव्हते. साम्राज्याने येथे स्वस्तात नकाराधिकार मिळविला होता.

या शब्दार्थांची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली. जून १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र होताच इराकचे अब्दुल करीम कासिम यांनी ते बसरा प्रांताचा भाग असल्याचा दावा केला. १९६३ मध्ये इराकने कुवेतला मान्यता दिली, तरी ऑगस्ट १९९० मध्ये आक्रमण करून त्याला आपला प्रांत घोषित केले. इराकी बाजूने ‘कायमकाम’ व ‘कझा’ हे शब्द पुढे केले, तर कुवेतच्या बाजूने १८९९ चा करार. एकाच कालखंडातील कागद परस्परविरोधी निवाड्यांसाठी वापरले गेले. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ८३३ द्वारे सीमेचे अंतिम आखणीकरण मान्य केले.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, १८९६ ते १९१४ या काळातील कुवेतला एकच कायदेशीर नाव देण्याचा आग्रह इतिहासदृष्ट्या सदोष आहे. अनिश्चितता हाच त्या काळातील त्याचा दर्जा होता. लॉरिमर यांच्याकडून तपशील, बुश यांच्याकडून धोरणांतर्गत संघर्ष आणि अ‍ॅन्सकोम्ब यांच्याकडून ऑटोमन बाजू घेता येते; परंतु यांपैकी कोणाचाही निवाडा एकट्याने पुरेसा नाही. आखाती रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती आणि त्या काळातील कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. आखाताच्या इतिहासाकडे परक्याचा विषय म्हणून पाहण्याची मराठी अभ्यासकाला म्हणूनच गरज नाही. ते दप्तर उघडताना मात्र ते कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने लिहिले, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.