खिडक्यांच्या खिंडीतून

डांबर संपल्याचं डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. इतका वेळ टायरखाली एकच गुळगुळीत सूर चाललेला असतो. तो तुटतो आणि खडी बोलू लागते. आधी करकर, मग मऊ मातीत दबलेला आवाज, मधूनच एखादा चपटा दगड टायरच्या कडेखालून निसटून टक्कन उडतो. इटलीतल्या पिएमाँतमध्ये, सूसा गावातून कोल्ले देल्ले फिनेस्त्रे या खिंडीकडे चढताना हा क्षण साधारण दहा-अकरा किलोमीटरनंतर येतो. तिथून वरचे जवळपास ८ किलोमीटर कच्चे आहेत. खिंड ओलांडली की पुढे अस्सिएत्ताचा रस्ता लागतो आणि तो डोंगरधारेवरून थेट सेस्त्रिएरे गावापर्यंत नेतो. ग्रॅव्हल बाइक घेऊन आल्प्समध्ये जाणाऱ्याला मी हे दोन रस्ते एका दमात सांगतो, कारण दोन्ही मिळून एकच रचना आहे असं माझं मत आहे.

फिनेस्त्रे म्हणजे खिडक्या. खिडक्यांची खिंड! मराठी कानाला हे नाव ऐकताच आवडावं असं आहे, आणि हा रस्ता त्या नावाला जागतो. खालचा भाग चेस्टनटच्या दाट रानातला. वळणावर वळण, इतकी जवळजवळ की वर पाहिलं तर हाच रस्ता पुन्हा डोक्यावर आलेला दिसतो. पूर्ण चढावर चाळीसच्या वर वळणं आहेत. रानात दूरचं काहीच दिसत नाही. नजर समोरच्या दहा हातांवर आणि कान स्वतःच्या श्वासावर. मग झाडं विरळ होतात, खडी सुरू होते, आणि एका वळणावर सूसाचं अख्खं खोरं पायाखाली उघडतं. पलीकडे ३,५३८ मीटरचा रोच्चामेलोने. पुढचं वळण घेतलं की दृश्य मिटतं आणि त्यापुढच्या वळणावर पुन्हा उघडतं, दर वेळी थोडं अधिक उंचावरून. रस्ता एकदम सगळं दाखवत नाही, हे त्याचं पहिलं कौशल्य.

दुसरं कौशल्य चढाच्या लयीत आहे. १८.५ किलोमीटरमध्ये सरासरी नऊ टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की नऊ मीटर वर. असे आकडे आल्प्समध्ये इतरत्रही सापडतील, पण तिथे चढ कधी चौदा तर कधी चार टक्क्यांवर येतो. इथे तो जवळपास सगळीकडे सारखाच. विश्रांतीला सपाटी नाही आणि छाती फोडणारी भिंतही क्वचितच. एकदा पायांना ताल सापडला की तो तासभर मोडावा लागत नाही.

हा सारखेपणा आला कुठून? हा रस्ता १७००च्या सुमारास सैन्यासाठी बांधला गेला, खिंडीपलीकडच्या फेनेस्त्रेल्लेच्या तटबंदीपर्यंत माणसं आणि सामान पोचवण्यासाठी. ओझं घेतलेल्या जनावराला एकदम उभा चढ घातला तर ते अडतं, म्हणून ज्यानं आखणी केली त्यानं डोंगराच्या उभारीला वळणांनी वाटून टाकलं. आज माझ्यासारखा सामान्य सायकलस्वार ही खडी ताशी सहा-सात किलोमीटरनं चढतो. खेचराच्या चालीपेक्षा हे फार जास्त नाही. ज्या वेगासाठी रस्ता आखला, त्याच वेगानं आपण त्यावरून जात असतो. इथे चढताना जे समाधान मिळतं, त्याचं मूळ मला या जुळण्यात दिसतं.

खडीवर चढण्याचा हात वेगळा असतो. डांबरावर उभं राहून जोर लावता येतो. इथे सीटवरून उठलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागीच गरकन फिरतं. म्हणून बसूनच, पाठ जरा वाकवून, पॅडल गोल फिरवत राहायचं. चाळीस मिलिमीटरचा टायर, हवा डांबरापेक्षा कमी, म्हणजे तो दगडावर आपटत नाही, दगडाला कवेत घेऊन पुढे सरकतो. गाड्यांच्या चाकांनी दोन घट्ट पट्टे झालेले असतात, मध्ये सैल खडीचा वरंबा. पट्टा सोडायचा नाही. वळणावर आतली बाजू जवळची, पण उभी आणि भुसभुशीत. बाहेरून जावं, चार पावलं जास्त पडली तरी चालतील. हे सगळं हातांना कळू लागलं की रस्ता वाचता येऊ लागतो.

जिरो दीताल्या या सायकल शर्यतीत हा चढ पहिल्यांदा २००५ साली आला. २०१८मध्ये अग्रस्थानाची गुलाबी जर्सी अंगावर असलेला सायमन येट्स इथे मागे पडला, आणि क्रिस फ्रूम शेवटच्या रेषेपासून ८० किलोमीटर आधी याच खडीवर एकटा सुटला तो शर्यत जिंकूनच राहिला. सात वर्षांनी, २०२५ साली, त्याच येट्सनं इथेच प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकलं आणि गुलाबी जर्सी मिळवली. हा योगायोग नव्हे. इतक्या संथ वेगाला दुसऱ्याच्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा फारसा मिळत नाही, आणि सारख्या चढाला लपायला जागा नसते. ज्याची जितकी ताकद तितकीच दिसते.

२,१७८ मीटरवर खिंड येते. शेजारी जुन्या किल्ल्याचे अवशेष. पलीकडे उतार डांबरी, थोडाच. सलग करकरीनंतर तो विरामासारखा वाटतो. पिआन देल्लाल्पेपाशी उजवीकडे वळलं की पुन्हा खडी, आणि इथून रचनेचा सूर बदलतो. तो सारखा चढ संपला, आता रस्ता धारेच्या कधी या अंगानं, कधी त्या अंगानं, एकामागून एक खिंडी ओलांडत जातो. तीसहून अधिक किलोमीटर, बहुतेक दोन हजार मीटरच्या वर. उत्तरेला सूसाचं खोरं, दक्षिणेला किझोनेचं. हवा स्वच्छ असेल तर दूर दक्षिणेला ३,८४१ मीटरच्या मोनविझोचा एकटा सुळका.

जुलै-ऑगस्टमध्ये दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अस्सिएत्ताचा हा रस्ता मोटारी आणि मोटरसायकलींना बंद असतो. मी हा रस्ता दोन्ही प्रकारच्या दिवशी पाहिला आहे. मोटारींच्या दिवशी धूळ उठते, मान सारखी मागे वळते, आणि समोरचा डोंगर नुसता पाहायचा म्हणून पाहिला जातो. बंदीच्या दिवशी मान सरळ राहते. मार्मोटची शीळ येते, एकच, तीक्ष्ण, आणि मग उतारावरून दुसऱ्याचं उत्तर. कुरणातल्या गायींच्या घंटा वाऱ्याबरोबर जवळ येतात, लांब जातात. सगळ्यांच्या खाली आपल्याच टायरची खडी वाजत असते. वाहनबंदीनं या रस्त्याला काही नवं दिलं नाही, त्याचा मूळचा वेग तेवढा परत दिला.

२,४७२ मीटरच्या अस्सिएत्ता खिंडीजवळ १७४७च्या लढाईचं स्मारक आहे. १९ जुलैला पिएमाँतच्या आणि ऑस्ट्रियाच्या फौजांनी संख्येनं मोठ्या फ्रेंच सैन्याला इथे अडवलं. फ्रेंच सेनापती बेल-इल इथेच पडला. पिएमाँतच्या लोकांना ‘बोजानेन’ म्हणतात, म्हणजे जागचे न हलणारे, आणि हे नाव या धारेवरच पडलं असं परंपरा सांगते. तिथे सायकल टेकवून मी नेहमी थोडा थांबतो. जिथे न हलणं हा पराक्रम ठरला, तिथून घाईनं निघून जाववत नाही.

शेवटाकडे एक उणेपणा आहे, तोही सांगितला पाहिजे. सेस्त्रिएरे जवळ येऊ लागलं की स्कीच्या तारांचे खांब उभे राहतात, कुरणं खरवडलेली दिसतात, आणि खाली १९३०च्या दशकातले दोन गोल मनोरे डोळ्यांत भरतात. रस्त्याच्या आखणीत जो डोंगराशी मेळ होता, तो इथे नाही.

आणि मग डांबर लागतं. पुन्हा तो एकच गुळगुळीत सूर. सायकल आपोआप वेगात येते, हात हलके होतात, सगळं सोपं होतं. मी मात्र दर वेळी ब्रेक दाबतो आणि वळून पाहतो. दिवसभर जो आवाज चाकाखाली होता, तो थांबल्यावरच कळतं की इतका वेळ आपण तोच ऐकत होतो.