मुखपृष्ठावरील भिक्खू आणि आतील संताप

लॉस एंजेलिस येथील 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक वाद्यवृंदाची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मुखपृष्ठावर ज्वाळांनी वेढलेले, तरीही निश्चल बसलेले एक भिक्खू दिसतात. ते भदन्त थिच क्वांग डुक होत. ११ जून १९६३ रोजी सायगॉनच्या एका चौकात त्यांनी आत्मदहन केले. माल्कम ब्राऊन यांनी ते छायाचित्र टिपले. बौद्ध वाचकाने या कृतीचे परीक्षण या चित्रापासूनच करणे उचित होय.

त्या वर्षीच्या बुद्धजयंतीस दिएम राजवटीने हुए शहरात बौद्ध ध्वज फडकविण्यास मनाई केली. निषेधार्थ जमलेल्या निःशस्त्र लोकांपैकी काहीजण सरकारी सैन्याच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. असे असूनही भदन्तांनी मागे ठेवलेल्या पत्रात राष्ट्राध्यक्षांचा धिक्कार नाही. प्रजेविषयी करुणा बाळगावी व सर्व धर्मांस समान लेखावे, अशी विनंती आहे.

आतील दहा गीतांचा सूर मात्र संतापाचा आहे. झॅक डी ला रोचा गाण्याऐवजी रॅपच्या पद्धतीने शब्द फेकतो आणि अखेरीस किंचाळतो. टॉम मोरेलोची गिटार यंत्राच्या खरखरीसारखी वाजते. हा संताप पोकळ नाही. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकास मारहाण करणारे पोलीस एप्रिल १९९२ मध्ये दोषमुक्त ठरले व याच शहरात आगडोंब उसळला. 'किलिंग इन द नेम' हे गीत पोलिसांतील वंशद्वेषावर बोट ठेवते. 'टेक द पॉवर बॅक' शाळेतील युरोपकेंद्री अभ्यासक्रमास आव्हान देते. ज्ञान कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आपणांस परका नाही.

'नो युअर एनिमी' या गीतापाशी मात्र थांबावे लागते. शत्रू ओळखा, असे ते बजावते. भदन्त थिच न्हात हान्ह यांनी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहून या आत्मदहनांचा अर्थ उलगडला होता. माणसाचा शत्रू माणूस नसून असहिष्णुता, द्वेष व भेदभाव हे होत, असा त्याचा आशय. विशेष हे की, गीताच्या अखेरीसही शत्रू म्हणून अज्ञान, दांभिकता व क्रौर्य यांचीच नावे येतात. परंतु शेवटी बोट एका वर्गाकडे वळते. वर्गाची सत्ता मोडणे आवश्यकच आहे. तथापि सत्ता मोडल्यावर मनातील द्वेषाचे काय करावयाचे, याचे उत्तर येथे मिळत नाही.

आणखी एक विसंगती आहे. ही ध्वनिमुद्रिका सोनीसारख्या बलाढ्य कंपनीच्या एपिक या शाखेने विकली. अधिक लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी तो मार्ग स्वीकारला, हे वृंदाचे समर्थन अंशतः पटते. पण त्याग हे विक्रीचे चिन्ह बनते, ही खंत उरतेच.

अन्यायाविरुद्ध गप्प न बसण्याची प्रेरणा या गीतांत निःसंशय आहे. परंतु तिला दिशा देणारी करुणा गीतांत नव्हे, मुखपृष्ठावरील त्या शांत मुद्रेत आहे. श्रोत्याने दोन्ही एकत्र वाचावीत.