मॉरिस-जोन्स यांच्या तीन बोली

परकीय विद्वानाने आपल्याविषयी लिहिलेले वाचताना आपली वृत्ती बहुधा दोन टोकांची असते. त्याने स्तुती केली तर ती आपण प्रशस्तिपत्रासारखी जपून ठेवतो; दोष दाखविले तर ‘याला आपले काय कळणार’ असे म्हणून पुस्तक मिटतो. या दोन्ही वृत्ती बाजूस ठेवून वाचावा असा एक ग्रंथकार म्हणजे ब्रिटिश राज्यशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. मॉरिस-जोन्स. त्यांच्या एका प्रसिद्ध सिद्धान्ताची परीक्षा आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात, विशेषतः देवळाच्या सभामंडपात, केली असता त्यातील काय टिकते एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मॉरिस-जोन्स यांचा जन्म १९१८ चा. दुसऱ्या महायुद्धात ते हिंदी सैन्यातील नोकरीच्या निमित्ताने या देशात आले आणि १९४७ साली व्हाइसरॉय माउंटबॅटन यांचे घटनाविषयक सल्लागार म्हणून सत्तांतराचे दृश्य त्यांनी जवळून पाहिले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व १९५५ पासून डरहॅम विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले; १९६६ ते १९८३ पर्यंत लंडनच्या राष्ट्रकुल अभ्याससंस्थेचे ते संचालक होते. १९९९ मध्ये ते निवर्तले. ‘पार्लमेंट इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ चा, ‘द गव्हर्नमेंट अँड पॉलिटिक्स ऑफ इंडिया’ १९६४ चा. आपली लोकसभा म्हणजे परकीय रोपटे, ते येथे जगावयाचे नाही, असे अनेकांना वाटत असता या गृहस्थांनी तिची प्रश्नोत्तरे, तिच्या समित्या व सदस्यांची घडण बारकाईने तपासली. शासनाचा कागद आणि समाजाचा व्यवहार दोन्ही वाचण्याची ही सवय हा त्यांचा मोठा गुण होय.

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाज पोलिटिकल इडियम्स’ या निबंधात त्यांनी असे मांडले की, भारतीय राजकारण एकाच वेळी तीन बोलींत चालते. पहिली आधुनिक : संविधान, संसद, न्यायालय, वृत्तपत्र यांची. दुसरी पारंपरिक : गाव, जात, घराणे, मानपान यांची. तिसरी संतांची : त्याग, सेवा व आत्मशुद्धी यांची, आणि तिचे प्रमुख उदाहरण म्हणून त्यांच्यापुढे होते आचार्य विनोबा भावे. यांपैकी तिसरी बोली ते राजकारणाच्या कडेस ठेवतात. प्रत्यक्ष व्यवहार फार थोडे लोक त्या बोलीत करतात. परंतु इतरांच्या व्यवहारावर अभिप्राय देताना सर्वजण तिचाच आधार घेतात. म्हणजे ती वागण्याची बोली नसून तोलण्याची बोली आहे. आणि त्या तराजूत प्रत्येक पुढारी हलकाच भरतो.

निरीक्षण किती सूक्ष्म आहे हे आमच्या भागातील मनुष्यास लगेच पटते. गोवा-कोकणच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, पांढुर्णा व सौंसर हे नागपूरच्या उत्तरेचे मराठीभाषी तालुके होत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, आणि पक्षकाराची उच्च न्यायालयाची वाट नागपूरऐवजी जबलपूरची झाली. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, वरच्या न्यायालयात इंग्रजी. तेव्हा एकाच दिवसात तीन बोली बोलणे आम्हांस नवे नाही.

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या सभेस वकील या नात्याने मी बसलो होतो. प्रश्न हिशेबाचा होता. मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाप्रमाणे न्यासाची नोंद जिल्हाधिकाऱ्याच्या दप्तरी असते व हिशेब ठेवणे हे विश्वस्तांचे कर्तव्य असते. गोव्यातील महाजनांच्या देवस्थानांनाही १९३३ च्या पोर्तुगीज अमदानीतील नियमावली आहेच. तेव्हा हा विषय तेथील वाचकांस परका नाही. सभेत एक वयोवृद्ध विश्वस्त प्रथम म्हणाले, कायद्याप्रमाणे जे असेल ते करू. थोड्या वेळाने म्हणाले, आमच्या आजोबांपासून पेटीची किल्ली आमच्याकडे आहे. हिशेबाच्या वह्यांचा आग्रह वाढताच हात जोडून म्हणाले, देवाच्या दारी हिशेब कसला, येथे सेवा आहे. मॉरिस-जोन्स यांच्या तिन्ही बोली एकाच मुखातून, एकाच तासात! माणसांचे तीन वर्ग नसून प्रत्येक माणसात तीन बोली आहेत, हे त्यांच्या निबंधातील मर्म मला त्या दिवशी खरे उमगले.

तथापि याच ठिकाणी माझा मतभेदही सुरू होतो. त्या विश्वस्तांच्या तोंडची शेवटची बोली संतांची होती काय? माझ्या मते नव्हती. तो संतांचा उसना शब्द होता, आणि तो जबाबदारी टाळण्यासाठी वापरला गेला. संतवाणी व्यवहारापासून दूर, केवळ अभिप्रायापुरती असते, हे मॉरिस-जोन्स यांचे गृहीत आमच्या प्रदेशापुरते तरी तपासून घेतले पाहिजे.

त्यासाठी एक तुलना करतो. १९५४ साली मॉरिस-जोन्स यांनी ‘इन डिफेन्स ऑफ अपथी’ हा निबंध लिहिला. मतदान हे कर्तव्य आहे या समजुतीविषयी त्यात त्यांनी शंका घेतली. राजकारणाविषयी उदासीन राहणारा नागरिक हा अतिउत्साही लोकांवरील एक अंकुश असतो, असे त्यांचे म्हणणे. हुकूमशहांनी चेतविलेला उन्माद नुकताच पाहिलेल्या युरोपात हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. हे संत १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगून आलेले. त्यांच्या ओव्यांत ग्रामशिक्षण आहे, आरोग्य आहे, संघटन आहे, आणि मत कोणास व कसे द्यावे याची स्पष्ट ताकीदही आहे. प्राध्यापकाने मत न देण्याचे समर्थन करावे आणि संताने मताची जबाबदारी शिकवावी, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. ‘ग्रामगीता’ ही कडेला उभे राहून दिलेली टीका नव्हे. गावाने गावाचा कारभार कसा करावा याची ती शिकवण आहे. विनोबांची भूदानयात्रा हाच संतबोलीचा नमुना धरल्यामुळे, जी बोली गावातच बसून झाडू हातात घेते तिच्याकडे मॉरिस-जोन्स यांचे दुर्लक्ष झाले असे मला वाटते.

एवढ्यावर थांबलो असतो तर वाचकांस संतोष झाला असता. पण ते न्यायाचे होणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड व त्यावर झेंडा रोवतात. पांढुर्णा व सावरगाव या दोन बाजूंचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या मंदिरात जातो. दरवर्षी माणसे जखमी होतात, काही आजवर प्राणासही मुकली आहेत. शासन मनाईहुकूम काढते. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊनही पाहिले. दगड थांबले नाहीत. आधुनिक बोली आणि पारंपरिक बोली तेथे समोरासमोर उभ्या असतात. तिसरी बोली कोठे असते? ती आदल्या आठवड्यात कीर्तनात ऐकलेली असते व दुसऱ्या दिवशी रुग्णालयात हळहळताना पुन्हा आठवते. ऐन वेळी मात्र ती नुसता अभिप्राय होऊन काठावर उभी राहते, मॉरिस-जोन्स यांनी सांगितले अगदी तशीच.

म्हणून माझा निष्कर्ष असा की, संतांविषयीचे त्यांचे निदान अपुरे आहे. संतांना मानणाऱ्या आपल्याविषयीचे मात्र बरेचसे खरे आहे. पुढाऱ्यास तोलण्यासाठी आपण संतांचा तराजू काढतो आणि स्वतःच्या वेळी तो झाकून ठेवतो. या परदेशी अभ्यासकाचे म्हणणे खोडून काढावयाचे असेल तर लेख लिहून ते होणार नाही. त्याची सुरुवात देवस्थानाची हिशेबवही सभेपुढे उघडून ठेवण्यापासून करावी लागेल. त्या सभेत पुढे वही आणली गेली, आणि किल्ली ज्यांच्या घरात होती त्यांनीच ती उघडून वाचली, एवढे नमूद करून हा लेख पुरा करतो.