उखडलेला रस्ता

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८२च्या एप्रिलमध्ये हेग शहरात काढलेलं हे रेखाचित्र. आधी पेन्सिल, वर शाईची लेखणी. रस्ता खोदलेला, चरात उतरलेले मजूर, मागे घरांची रांग, आणि या साऱ्यातून वाट काढणारी माणसं. व्हॅन गॉग तेव्हा २९ वर्षांचा होता. चित्रकार व्हायचं ठरवून त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याचे काका कोर्नेलिस मारिनुस त्याच्या स्टुडिओत आले होते. आम्स्टरडॅममधले ते चित्रविक्रेते. व्हिन्सेंटने मित्र ब्रेटनरबरोबर रात्री बाराच्या सुमारास भटकताना टिपलेलं हेगमधल्या पॅडेमूस वस्तीचं एक छोटं चित्र त्यांच्या नजरेत भरलं. अशीच १२ शहरदृश्यं काढ, म्हणाले. दर ठरला चित्रामागे अडीच गिल्डर. शहरदृश्य म्हटल्यावर त्या काळच्या डच गिऱ्हाइकासमोर कॉर्नेलिस स्प्रिंगरसारख्यांची चित्रं येत असणार: रेखीव दर्शनी भिंती, उजळ ऊन, स्वच्छ फरसबंदी. स्प्रिंगरचं कसब मोठंच आहे. पण त्याच्या चित्रांत माणसं वास्तूच्या शोभेला येतात.

‘उखडलेला रस्ता’मध्ये नेमकं उलट घडतं. मागची घरं बारीक रेषांत, बेताने उरकलेली. लेखणी रेंगाळते ती माणसांवर. फावडं मारताना खांदा कसा पडतो, कंबर कुठे मोडते, वजन कोणत्या पायावर येतं, हे व्हॅन गॉगला सांगायचं आहे. शहराचा पुढचा भाग त्याने श्रमाला दिला आहे.

जाणकार इथे प्रमाणाची चूक दाखवतात, आणि ती आहेच. काही आकृत्या अंतराच्या मानाने मोठ्या आहेत, काही लहान. प्रत्येक माणूस वेगळ्या मॉडेलवरून अभ्यासून मग रस्त्यात आणून बसवल्यासारखा वाटतो. तरी मला हा दोष सलत नाही. गर्दी म्हणून एकही आकृती भरीला घातलेली नाही. प्रत्येकाला स्वतःचं वजन आहे. खोदकामाच्या ठिकाणी माणसं खरोखर अशीच असतात, एकमेकांना खेटून आणि तरी आपापल्या कामात एकटी. ‘द ग्राफिक’सारख्या इंग्रजी साप्ताहिकांतली कष्टकऱ्यांची लाकडी ठशांची चित्रं तो हौसेने जमवत असे. त्यांचा संस्कार या मांडणीत स्पष्ट दिसतो.

पेन्सिलीबद्दल थोडं सांगायला हवं. गुळगुळीत, नाजूक पेन्सिलींपेक्षा सुताराची जाड पेन्सिल त्याला प्रिय होती. ग्रॅफाइटची चकाकी त्याला खपत नसे; हेगच्या काळात ती मारण्यासाठी तो चित्रावर चक्क दूध ओतत असे, म्हणजे काळा रंग मखमली आणि खोल होई. हा ओबडधोबडपणा त्याने जाणूनबुजून पत्करला होता. मजुराची पाठ काढायला नाजूक रेषा चालली नसती, हे या चित्रात पटतं.

काकांनी पहिल्या १२ चित्रांचे ३० गिल्डर दिले. पुढच्या, अधिक तपशीलवार संचाचे मात्र २०च. हे रेखाचित्र आज बर्लिनच्या राज्य संग्रहालयांच्या कागदचित्र विभागात आहे. कुठे पाहायला मिळालं, छापील का होईना, तर आधी चरातल्या माणसांकडे पाहा. घरं नंतर.